डोळ्याचं पातं लवायच्या आत

पडद्यावर अजून काळोख असतो. एका मुलाचा आवाज तेवढा ऐकू येतो. पापण्या मिटायच्या असतील तर आत्ताच मिटून घ्या, असं तो बजावतो. पुढे जे दिसेल ते कितीही विलक्षण वाटलं तरी नजर हटवू नका. मग समोर येतो रात्रीचा खवळलेला समुद्र. डोंगराएवढी लाट, तिच्या पायथ्याशी एवढीशी होडी आणि होडीत भिजून चिंब झालेली एक बाई. लाट अंगावर कोसळणार तोच ती तीन तारांचं वाद्य हाती घेते, तार छेडते आणि लाट मधोमध दुभंगते.

‘कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज’ हा तो चित्रपट. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या हिल्सबरो इथल्या लायका स्टुडिओने तो केला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ट्रॅव्हिस नाइट हे स्टुडिओचे प्रमुख, पण त्याआधी ते स्वतः बाहुल्या हलवणारे कारागीर. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. यातली माणसं, माकडं, झाडं, घरं, राक्षस यांतलं बहुतेक सगळं कुणीतरी हाताने घडवलेलं आहे, टेबलावर मांडलेलं आहे, केसभर हलवून त्याचा फोटो काढलेला आहे. पुन्हा केसभर हलवून पुन्हा फोटो. याला म्हणतात स्टॉप-मोशन.

पापणी मिटू नका ही त्या मुलाची ताकीद अक्षरशः खरी आहे. चित्रपट १०१ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे सगळ्या मिळून १ लाख ४५ हजारांच्या वर. या कामात मुरलेला ॲनिमेटर आठवडाभर राबतो तेव्हा चार सेकंदांच्या आसपास चित्रीकरण हाती लागतं, म्हणजे दिवसाला वीसेक चौकटी. आपली पापणी मिटून उघडते तेवढ्यात पाच-सात चौकटी निसटून जातात. पाहणाऱ्याचं पातं लवतं आणि तेवढ्यात कुणाची तरी अख्खी सकाळ निघून जाते.

या आकड्यांचं कौतुक मात्र लवकर शिळं होतं. ‘केवढी मेहनत!’ हा उद्गार मी या कलेबद्दल इतक्यांदा ऐकला आहे, की आता त्याची धास्ती वाटते. मेहनत कापूस वेचणाराही करतो. तेवढ्याने चित्रपट चांगला होत नाही. ‘कुबो’ मोठा ठरतो तो वेगळ्या कारणाने. त्याची गोष्ट आणि ती सांगायची रीत या दोन्ही एकच आहेत, आणि ते कसं हे पाहायला आधी एक पाऊल जवळून बघावं लागेल.

कुबोची बाहुली वीतभर उंचीची. आत धातूचा सांगाडा. खांद्याला उखळीचा सांधा, गुडघ्याला बिजागरीचा, शाळेच्या शरीरशास्त्राच्या धड्यात असतात तसेच. सांधा इतका सैल हवा की बोटाच्या दाबाने हलेल, आणि इतका घट्ट की बोट काढल्यावर तसूभर ढळणार नाही. बाहुली ज्या जमिनीवर उभी असते तिला खालून भोकं पाडलेली असतात. त्यांतून स्क्रू वर घेऊन तळपाय पक्का आवळलेला असतो, नाहीतर एका पायावर ती तोलच धरणार नाही.

आता कुबोला एक पाऊल टाकायचं आहे. पाय उचलायच्या आधी माणसाची कंबर सरकते. उभं राहून चालायला लागा, लगेच लक्षात येईल. अंगाचं सगळं ओझं आधी एका बाजूला जातं आणि मगच दुसरा पाय मोकळा होतो. म्हणून कारागीर आधी कंबर केसभर डावीकडे झुकवतो. एक फोटो. खालचा स्क्रू सोडवून उजवी टाच किंचित उचलतो, खांदा उलट दिशेला फिरवतो. दुसरा फोटो. गुडघा पुढे येतो, पण किमोनोची बाही अजून मागेच असते, कारण कापड अंगाच्या मागून येतं. ती बाही चिमटीत धरून तेवढीच मागे ठेवायची. कापडाच्या आत बारीक तारा आणि वजनं दडवलेली असतात, म्हणून तर ती तिथे थांबते. तिसरा फोटो. बारा-तेरा फोटो झाले की पाऊल जमिनीला टेकतं. टेकल्यावरही एक चौकट गुडघा थोडा दबलेला हवा, तरच पोराला वजन आहे असं वाटेल.

सगळी किमया या वजनात आहे. काही तोळ्यांच्या बाहुलीला दहा-बारा वर्षांच्या मुलाचं वजन द्यायचं, आणि तेही दमलेल्या मुलाचं वेगळं, घाबरलेल्याचं वेगळं. कारागीर चुकला तर पूर्वी कळायचंही नाही. फिल्म धुऊन येईपर्यंत वाट बघावी लागायची. आता शेजारच्या पडद्यावर आधीची चौकट आणि आत्ताची चौकट एकमेकींवर ठेवून बघता येतात. पण हलवायचं बोटांनीच. धक्का लागून दिवा हलला, सेट थंडीने आक्रसला की सकाळपासूनचं काम वाया.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला होता आणि कॅमेरा जागचा न हलवता महिनाभराहून अधिक काळ त्याची एकेक चौकट टिपली होती. महिन्याभराची वाढ मिनिटाभरात पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपल्याआप हलतात, आकार धरतात. या देशात वस्तूला जागच्या जागी जिवंत करण्याचा हा अगदी आरंभीचा खेळ, तोही मराठी माणसाच्या हातचा. त्याच सुमारास तिकडे रशियात लादिस्लाव स्टारेविच मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तारा बांधून त्यांच्याकडून नाटकं करून घेत होते. जिवंत किडे दिव्यांच्या झगमगाटात निपचित पडायचे, म्हणून ही युक्ती. शंभर वर्षांनी ‘कुबो’त भुंग्याच्या रूपातला एक योद्धा नायकाचा सोबती होऊन येतो तेव्हा मला स्टारेविचचे ते भुंगे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

१९३३च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायननी जेमतेम दीड फुटांच्या बाहुलीतून डोंगराएवढा वानर उभा केला. बाहुलीवर सशाचं कातडं होतं. प्रत्येक चौकटीगणिक ओब्रायनची बोटं त्या केसांना लागायची आणि पडद्यावर काँगचे केस सतत सळसळताना दिसायचे. तंत्राच्या दृष्टीने हा दोषच. पण आज तो चित्रपट बघताना माझी नजर हटकून त्या सळसळीवर जाते. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाची बोटं इथे, या ठिकाणी, नेमकी टेकली होती. ती बोटं दिसत नाहीत, त्यांचा वारा तेवढा दिसतो. संगणकावर घडवलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी ही साक्ष त्याच्याजवळ नसते.

मग १९९३ साल आलं. ‘जुरासिक पार्क’चे डायनासोर आधी बाहुल्यांच्याच तंत्राने करायचे ठरले होते, संगणकाच्या चाचण्या पाहिल्यावर बेत बदलला, आणि पडद्यावरच्या राक्षसांची दुनिया कायमची बदलली. त्याच वर्षी हेन्री सेलिक यांचा ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ आला, पूर्ण लांबीचा, पूर्ण बाहुल्यांचा. राक्षस घडवायचं काम हातचं गेलं आणि आख्खं जग घडवायचं काम हाती आलं, असं त्या वर्षाचं वर्णन करता येईल. याच सेलिकनी पुढे २००९ मध्ये लायकासाठी ‘कोरॅलाइन’ केला. ‘कुबो’ची वाट तिथूनच फुटते.

आता गोष्टीकडे येऊ. कुबो एका डोळ्याचा मुलगा. दुसरा डोळा त्याच्या आजोबांनी, चंद्रराजाने, तान्हेपणीच काढून घेतला आहे. समुद्रकाठच्या कड्यावरच्या गुहेत तो आईबरोबर राहतो. आईच्या डोक्याला मार लागलेला. दिवसभर ती शून्यात बघत असते, संध्याकाळी जरा भानावर येते आणि मुलाला त्याच्या वडिलांच्या, हान्झो नावाच्या सामुराईच्या, गोष्टी सांगते. मुलगा तिला भात भरवतो. तिच्या हातातून निसटलेला घास तो न बोलता उचलतो. संवाद जवळजवळ नसलेला हा प्रसंग मला सगळ्या चित्रपटात सर्वांत अवघड वाटतो, लढायांपेक्षाही. निर्जीव बाहुलीतून हरवलेलं मन दाखवायचं म्हणजे जवळजवळ काहीच हलवायचं नाही, आणि तरी ती दगडासारखी दिसता कामा नये.

सकाळी कुबो पाठीला शामिसेन लावून गावात जातो. शामिसेन म्हणजे तीन तारांचं, लांब मानेचं जपानी वाद्य. तो वाजवू लागला की त्याच्या पिशवीतले चौकोनी कागद आपल्याआप उडतात, दुमडतात, त्यांचे योद्धे होतात, कोंबड्या होतात, आग ओकणारे राक्षस होतात, आणि भर बाजारात गोष्ट सुरू होते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले; कुबो त्यांचाच भाऊबंद वाटतो. फरक इतकाच, की त्याची चित्रं उठून चालू लागतात.

इथेच गोष्ट आणि रीत एक होतात. एक मुलगा कागदात प्राण घालतो आहे, आणि पडद्यामागे कुणीतरी त्या मुलातच प्राण घालतो आहे. कुबोचे कागद संगीताने दुमडतात, कुबो बोटांनी दुमडतो. एकाच चौकटीत दोन जादूगार आहेत आणि त्यांतला एक आपल्याला कधीच दिसत नाही.

सूर्य मावळायच्या आत घरी ये, ही आईची अट. ती मोडते ओबोनच्या संध्याकाळी. ओबोन हा जपानातला पितरांचा सण. कंदील लावायचे, थडग्याशी बसून गेलेल्यांशी बोलायचं आणि मग तेवते कंदील पाण्यात सोडून त्यांना निरोप द्यायचा. पितृपंधरवडा पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि धागा खरोखरच जुना आहे. ओबोन हे नाव परंपरेने ‘उल्लंबन’ या संस्कृत शब्दाशी जोडलं जातं. उल्लंबन सूत्रात बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन प्रेतयोनीत भुकेने तळमळणाऱ्या आपल्या आईला सोडवतो. मुलाने आईसाठी केलेल्या त्या खटपटीतून हा सण आला, आणि ‘कुबो’ची गोष्टही मुळात आई आणि मुलाचीच. गावातले सगळे आपापल्या माणसांशी बोलत असतात. कुबोही वडिलांसाठी कंदील करतो, त्यांना हाक मारतो. कंदील पेटत नाही. रागाने तो कागद चुरगाळतो, आणि तेवढ्यात सूर्य मावळतो. मग येतात त्याच्या मावशा, पांढरे मुखवटे घातलेल्या, पिसांचे काळे झगे पांघरलेल्या, अधांतरी तरंगत. इथून साहस सुरू होतं: तलवार, चिलखत आणि शिरस्त्राण शोधायचं, सोबतीला एक करड्या शिस्तीची माकडीण आणि स्मृती गेलेला तो भुंगा.

कुबोच्या चेहऱ्याची गोष्ट आता सांगितली पाहिजे, कारण या चित्रपटाचं खरं कसब तिथे आहे. बाहुलीचा चेहरा बदलायच्या दोन जुन्या रीती. एक, रबरी चेहऱ्याच्या आत यंत्र बसवून गाल-ओठ ओढायचे. दुसरी, प्रत्येक भावासाठी वेगळा चेहराच बसवायचा. ‘नाइटमेअर’चा नायक जॅक याच्यासाठी सुमारे ४०० डोकी हाताने घडवली होती. ‘कोरॅलाइन’मध्ये लायकाने हे चेहरे त्रिमितीय छपाईयंत्रावर छापायला सुरुवात केली, पण ते एकरंगी निघत, आणि गालांवरचा प्रत्येक तीळ माणसं बसून रंगवत. २०१२च्या ‘पॅरानॉर्मन’पर्यंत रंगीत छपाई आली. या तंत्रासाठी ब्रायन मॅक्लीन आणि मार्टिन म्युनिए यांना २०१६ मध्ये ऑस्करचा वैज्ञानिक पुरस्कार मिळाला.

कुबोचा चेहरा दोन तुकड्यांत आहे. डोळ्यांच्या मधून आडवी एक चीर. वर भुवया आणि कपाळ, खाली गाल आणि तोंड. कुबोसाठी ११ हजारांहून अधिक तोंडं आणि ४ हजारांहून अधिक भुवया छापल्या गेल्या. त्यांची एकमेकांशी सांगड घातली तर ४ कोटी ८० लाखांच्या घरात वेगवेगळे चेहरे तयार होतात. दिवसभर लागणारे चेहरे क्रमवार खोक्यात लावलेले असतात. कारागीर आधीचं तोंड काढतो, पुढचं लावतो. आतलं लोहचुंबक ते पकडून ठेवतं. ‘आई’ एवढा एक शब्द म्हणायला किती तोंडं लागतात ते आरशासमोर उभं राहून सावकाश म्हणून बघा. मधली चीर नंतर संगणकावर पुसतात. २०१५च्या ‘अनोमलिसा’ या बाहुलीपटात ही चीर मुद्दाम ठेवली आहे, आणि तिथे ती शोभते, कारण ती गोष्टच तुटलेल्या माणसांची आहे. ‘कुबो’त ती पुसणंच बरोबर होतं.

डोळे मात्र छापून भागत नाही. डोळ्यांची बुबुळं बाहुलीच्या डोक्यातच असतात आणि प्रत्येक चौकटीला ती टोकदार हत्याराने केसभर सरकवावी लागतात. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सर्वांत मुरलेल्या हाताकडे देतात. बाकी मूर्ती कितीही सुबक असो, आखणी चुकली की मूर्ती बघत नाही. बाहुलीचंही तेच. इथे तर नायकाला डोळा एकच. सगळी आशा, भीती, माया त्या एका बुबुळाच्या जागेवर तोलायची. शिवाय गोष्टही डोळ्यांचीच आहे: आजोबा स्वतः आंधळे आहेत, आकाशात अमर आहेत आणि नातवाचा उरलेला डोळाही त्यांना हवा आहे, म्हणजे तोही आपल्यासारखा माणसांच्या दुःखाकडे बघेनासा होईल.

तलवारीच्या शोधात तिघं हाडांच्या दालनात शिरतात आणि जमिनीतून एक महाकाय सांगाडा उठून उभा राहतो. कवटीत चहूबाजूंनी तलवारी रुतलेल्या. हा सांगाडा संगणकावर केलेला नाही. तो १६ फूट उंच होता आणि सुमारे १८० किलो वजनाचा. स्टॉप-मोशनसाठी घडवलेल्या सर्वांत मोठ्या बाहुल्यांपैकी एक. एवढा मोठा कशाला? कुबो वीतभर आहे म्हणून. वीतभर मुलाला ज्याच्या मुठीत धरायचं, ज्याच्या कवटीवर चढवायचं, तो राक्षस त्याच मापात करायचा तर एवढाच होतो. त्याचं धड हाताने ढकलून केसभर हलवणं अशक्य, म्हणून कमरेखाली सहा पायांचं एक यंत्र बसवलं, वैमानिकांच्या सिम्युलेटरखाली असतं तसं. हात वरून दोरांनी तोलून धरले होते. वीतभर बाहुलीचं बोट हलवणारे कारागीर इथे शिडीवर चढून सांगाड्याचं बोट हलवत होते.

हा सांगाडा आला कुठून, तेही सुंदर आहे. १८४०च्या दशकात उतागावा कुनियोशी या जपानी कलावंताने तीन कागदांवर पसरलेलं एक लाकूडठशाचं चित्र छापलं: एक चेटकीण मंत्र म्हणते आहे आणि पडदा फाडून प्रचंड सांगाडा आत डोकावतो आहे. त्या चित्राचा हा वंशज. दुसऱ्या बाजूने तो रे हॅरीहाउसेनचाही वंशज. हॅरीहाउसेन तेराव्या वर्षी ‘किंग काँग’ बघून झपाटले आणि त्यांनी जन्मभर बाहुल्याच हलवल्या. १९६३च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मध्ये सात सांगाडे तीन माणसांशी तलवारीने लढतात, जेमतेम काही मिनिटांच्या त्या लढाईला त्यांना चार महिन्यांवर लागले, आणि सगळे सांगाडे त्यांनी एकट्यानेच हलवले. ज्या कुणी लहानपणी ती लढाई पाहिली तो ती विसरलेला नाही. ‘कुबो’तल्या सांगाड्याला जी थरथर आहे, किंचित अडखळत वळायची जी लकब आहे, ती हॅरीहाउसेनला केलेला नमस्कार आहे असं मला वाटतं.

पाण्याचं मात्र तसं नाही. पाणी चिमटीत धरता येत नाही. लायकाच्या लोकांनी कागद, प्लॅस्टिक अशा हाती लागतील त्या वस्तूंतून लाट करून पाहिली, ती कशी चमकते, कशी दुमडते हे बघितलं, आणि मग त्या वस्तूंचा स्वभाव पकडून समुद्र संगणकावर घडवला. मागची गर्दी आणि आकाशाचा बराचसा भागही संगणकाचा. हे कुणी लपवलं नाही. काही जाणकारांना हे भेसळ वाटतं. ‘मग बाहुल्या कशाला?’ असं ते विचारतात. मला ते पटत नाही. प्रश्न संगणक वापरला की नाही हा नाहीच. संगणक बाहुलीचं ऐकतो की बाहुली संगणकाचं, हा आहे. इथला समुद्र बाहुल्यांच्या जगासारखा दिसायला धडपडतो. त्याच्या लाटांवर लाकडाच्या रेषा उमटल्यासारख्या दिसतात. विसाव्या शतकातले जपानी कलावंत कियोशी सायतो यांच्या लाकूडठशांचा प्रभाव चित्रपटभर आहे. सपाट रंग, लाकडाचा उमटलेला पोत, मोजक्या रेषांत उभा केलेला बर्फ. सरोवरात जी होडी दिसते ती वाळक्या पानांची आहे. कुबो शामिसेन वाजवतो आणि पाचोळा गोळा होऊन होडी होते. पुढ्यात ठेवलेल्या त्या होडीवर खरोखरच हजारो कापलेली पानं एकेक करून चिकटवली होती.

दोष आहेत. भुंग्याचे विनोद मधल्या भागात जरा जास्त होतात आणि जिथे शांतता हवी तिथेही तो बोलत राहतो. गोष्ट जपानची, पण मुख्य पात्रांना आवाज दिले ते शार्लीझ थेरन, मॅथ्यू मॅकोनाही, रेफ फाइन्स अशा पाश्चात्त्य नटांनी. जॉर्ज ताकेई यांच्यासारखे जपानी वंशाचे कलावंत दुय्यम भूमिकांत राहिले. चित्रपट आला तेव्हाच यावर टीका झाली आणि ती रास्त होती. ज्या लोकांच्या चित्रांतून, सणांतून, वाद्यांतून इतकं घेतलं, त्यांना आवाजातही पुढची जागा द्यायला हवी होती.

तिकीटखिडकीवर तो चालला नाही. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाने जगभरात मिळून पावणेआठ कोटींच्या आसपास गल्ला केला. चित्रपटगृहांचा वाटा जाता तो तोट्यातच गेला. मान मिळाला. ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. ऑस्करसाठी त्याला दोन नामांकनं होती, त्यांतलं एक दृश्यपरिणामांचं, आणि त्या विभागात ॲनिमेशनपटाची निवड ‘नाइटमेअर’नंतर पहिल्यांदाच होत होती.

शेवट ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

शेवटच्या लढाईत कुबो मिळवलेलं चिलखत आणि शिरस्त्राण उतरवून ठेवतो. साहसकथेचा नायक शेवटी जी शस्त्रं उगारतो, तीच तो बाजूला ठेवतो आणि तुटलेल्या शामिसेनला नव्या तारा लावतो: एक वडिलांच्या धनुष्याची दोरी, एक आईचा केस आणि तिसरा त्याचा स्वतःचा केस. नावातल्या दोन तारा कोणत्या, ते इथे कळतं. लढाई संपल्यावर आजोबा माणूस होऊन गावात पडलेले असतात, त्यांना काहीच आठवत नसतं. आपण कोण, असं ते विचारतात. ज्यांची घरं त्यांच्यापायी उद्ध्वस्त झाली, ते गावकरी एकेक करून पुढे येतात आणि सांगतात: तुम्ही मुलांना खाऊ देत होतात, गोरगरिबांना जेवू घालत होतात, तुम्ही गावातले सर्वांत दयाळू गृहस्थ आहात. एका माणसाला अख्खं गाव मिळून नवी गोष्ट देतं. काही समीक्षकांना हा शेवट घाईचा वाटला. मला तो सगळ्या चित्रपटातला सर्वांत धाडसी प्रसंग वाटतो. कागदाला योद्धा करणारा मुलगा राक्षसाला आजोबा करतो, आणि तेही त्याच साधनाने, गोष्ट सांगून.

हा चित्रपट मोबाइलवर बघू नका, एवढी विनंती. घरातला असेल तेवढा मोठा पडदा घ्या, दिवे मालवा, सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं सोबत घ्या. मावशांना ती घाबरतील, पण ती भीती पेलवणारी आहे. जमलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना एक काड्यापेटी द्या आणि फोन एका जागी टेकवून ठेवा. फाळक्यांना तेवढंच साहित्य पुरलं होतं.

आणि चित्रपट संपला, नावं सरकू लागली, की लगेच उठू नका. शामिसेनच्या साथीने एक गाणं सुरू होतं आणि मधेच पडद्यावर एक साधं दृश्य येतं: प्रकाशाने भरलेलं चित्रीकरणाचं दालन, मधे तो १६ फुटी सांगाडा आणि त्याच्याभोवती काम करणारी माणसं. अनेक दिवसांचं काम काही सेकंदांत पळवलेलं आहे. माणसं इतक्या वेगाने येतात-जातात की त्यांचे चेहरेही ओळखू येत नाहीत, नुसत्या सावल्या लवतात. सांगाडा मात्र सावकाश मान वळवतो, हात उचलतो.